अर्ध्या

लेथच्या मागच्या फळीवर, मेणाचा डबा आणि धारेचा दगड यांच्या मधे, अर्ध्या उभा असतो. फणसाच्या लाकडाचा वाडगा होता तो. व्यास २४ सेंटिमीटर, उंची ९, वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. आता काठापासून बुडापर्यंत करवतीनं सरळ कापलेला त्याचा एक भाग आमच्याकडे आहे. कापलेलं अंग समोर, पोट भिंतीकडे. त्याच्यात काही ठेवता येत नाही. लिंबू ठेवलं तर घरंगळून खाली येतं. तरी शेडमधल्या सगळ्या भांड्यांत सर्वांत जास्त हात फिरलेत ते त्याच्यावर. काठाच्या दोन्ही टोकांना तेल न लावता चकाकी आली आहे ती त्यामुळेच.

नाव कुणी दिलं ते आठवत नाही. शनिवारी लाकूड कातायला आम्ही पाच-सहाजण इथे जमतो, त्यातल्याच कुणाच्या तरी तोंडून निघालं असेल. ‘अर्ध्या कुठाय?’ ‘अर्ध्याला दे जरा इकडे.’ मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. त्याच्या वाट्याला दोन्ही आलं, आधी नावं आणि मग नाव.

त्याचा खरा चेहरा म्हणजे ते कापलेलं अंग. काठाशी भिंत ६ मिलिमीटर जाडीची आहे, देखणी आहे. तिथून खाली येताना निम्म्यावर ती ११ होते. आणि भिंत संपून बूड सुरू होतं त्या वळणावर २३. पोटरीसारखा फुगवटा आहे तिथे. त्याच्यापुढे, ऐन मध्यावर, बूड पुन्हा ७ मिलिमीटरवर उतरतं. आणखी थोडी पटाशी चालली असती तर तळ फुटला असता. अखंड होता तेव्हा यातलं काहीही डोळ्यांना दिसत नव्हतं. वरून चकचकीत, गोल, गोंडस दिसायचा. घरी आलेल्या प्रत्येकानं त्याला कुरवाळलं होतं.

ज्या झाडाचा तो आहे ते दापोली तालुक्यातल्या आमच्या घरामागचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ते मुळासकट आडवं झालं. त्या दिवसांत तिकडे कुणाच्या घरावर पत्रे उरले नव्हते, बागाच्या बागा झोपल्या होत्या. एका फणसाचं दुःख सांगायची ती वेळ नव्हती. पण आजोबांनी लावलेलं झाड. त्याचे ओंडके करून पुण्याला आणले, टोकांना मेण फासलं, म्हणजे लाकूड टोकांकडून घाईनं सुकून तडकत नाही. मग वाडग्याचा कच्चा आकार कातला. ओलं लाकूड सुकताना सगळीकडे सारखं आखडत नाही. वर्षवलयांच्या अंगानं जितकं आखडतं, तितकं गाभ्याकडून सालीकडे आखडत नाही, जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. म्हणून कच्चा वाडगा व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतका जाड ठेवायचा, वाकडा होऊ द्यायचा, आणि पूर्ण सुकला की पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. मी तो कागदी पिशवीत त्याच्याच सालपटांत पुरून ठेवला होता. दर रविवारी वजन करायचो. वर्षभरानं वजन घटायचं थांबलं. पुन्हा चढवला, कातला, घासला, तेल दिलं. फणसाचा गाभा ताजा कापला की हळदीसारखा पिवळा असतो. बौद्ध भिक्षूंची चीवरं रंगवायला याच लाकडाच्या ढलप्या उकळत असत. मग उन्हा-उजेडानं हा गाभा हळूहळू तपकिरी होत जातो. माझा वाडगा अजून पिवळा होता तेव्हाच मी तो घेऊन सावंतवाडीला गेलो.

सावंतवाडी बायकोचं माहेर. तिथली चितारआळी, लाकडी फळं, लाखेचे पाट, राजवाड्यात रंगवले जाणारे गंजिफे, हे सगळं पर्यटकांच्या फोटोंमध्ये येऊन गेलेलं आहे. मी गेलो होतो ते सासऱ्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे. पन्नास वर्षं त्यांनी पाळण्याचे गज, पाटाचे खूर, लाटणी आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी कातली. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडाला धरते, ही गोष्ट मी त्यांच्याच ओसरीवर पहिल्यांदा पाहिली होती.

वाडगा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वरून पाहिलाच नाही. सरळ उलटा केला.

पुढे मला कळलं की लाकूड कातणारा माणूस जगात कुठेही असो, तो हेच करतो. इतर लोक वाडगा कुरवाळतात, कातणारे उलटा करतात. वर काय दाखवायचं हे करणाऱ्यानं ठरवलेलं असतं. बूड पाहिलं की तो कुठे थकला ते कळतं. मेस्त्रींनी डोळे मिटले. अंगठा आत, मधलं बोट बाहेर, अशी भिंत चिमटीत धरून काठापासून खाली सावकाश उतरवत नेली. वळणावर आल्यावर चिमूट थांबली. त्यांनी डोळे उघडले, बोट तिथेच ठेवून मला विचारलं, ‘‘ह्येच्यात काय घालतलंस?’’

मी म्हणालो, ‘‘काही नाही मेस्त्रीनू, शोभेला. फार तर फळं.’’

‘‘मगे बूड जड रवला.’’

एवढंच. हा प्रश्न आधी का, हे समजायला मला बरेच दिवस लागले. मी जर म्हणालो असतो, भाकरीचं पीठ मळायला, तर ते बूड जड राहिलं असं ते म्हणाले नसते. काठवट जड आणि जाड बुडाचीच हवी, नाहीतर मळताना ती हातापुढे पळते. तोच फुगवटा, तेच २३ मिलिमीटर, काठवटीत गुण ठरले असते. दोष वाडग्यात नव्हता, वाडगा आणि मी सांगितलेलं काम यांच्या मधल्या जागेत होता. मेस्त्रींनी आधी ती जागा मोजून घेतली.

मी लगेच कारणं सांगायला लागलो. लाकूड आतून ओलसर निघालं, पटाशीची धार गेली होती, लाइट गेली. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि बोट त्या वळणावरून काढत नव्हते. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, ‘‘भायरसून कळाचा नाय. काप.’’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी भिंतीवरची करवत काढून माझ्यापुढे धरली. ‘‘तुझो वाडगो, तूच काप.’’

मी कापला. लाकडाच्या रेषांच्या आडव्या अंगानं, काठापासून बुडापर्यंत. आजोबांच्या फणसाचा, वर्षभर पुरून ठेवलेला, दर रविवारी तोललेला वाडगा. वीस मिनिटं लागली असतील, कारण वळणावर करवत अडत होती. तिथलं लाकूड किती जास्त आहे हे डोळ्यांच्या आधी माझ्या दंडाला कळलं. दोन अर्धी जमिनीवर पडली आणि आम्ही दोघं उकिडवे बसून ती पाहायला लागलो. त्या क्षणापासून मेस्त्री माझ्याकडे पाहत नव्हते आणि मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. दोघंही त्या पिवळ्याजर्द कापाकडे पाहत होतो. मला वाटणारी लाज त्या वेळी कुठे गेली ते कळलं नाही. ती जाडी सिद्ध करायची गरज त्यांना उरली नव्हती आणि ती नाकारायची सोय मला उरली नव्हती.

त्या कापाकडे पाहताना हातानं काय केलं ते एकेक दिसत जातं. गोल पटाशीच्या धारेमागे एक उतार असतो. कापताना हा उतार लाकडावर टेकलेला ठेवायचा, त्याच्या आधारानं धार चालते. वाडग्याची बाजू कापायला चाळीसेक अंशांचा उतार पुरतो. पण वळणावर आलं की पटाशीचा दांडा काठाला अडतो, उतार लाकडावरून सुटतो, धार खडखडायला लागते. हात भितो. भ्यालेला हात ते वळण तसंच टाकून मधल्या सोप्या भागाकडे सरकतो, आणि तिथे मात्र नको इतकं कापतो. म्हणून वळणावर २३ आणि मध्यावर ७. अर्ध्याच्या अंगावर माझी भीती मिलिमीटरमध्ये लिहिलेली आहे. उपाय साधा आहे: त्या जागेसाठी साठेक अंशांच्या बोथट उताराची दुसरी पटाशी घ्यायची. हे मी वाचलेलं होतं. रिचर्ड रॅफन या नामांकित कातणाऱ्याचं वाडग्यांच्या घडणीबद्दलचं १९८७ सालचं पुस्तकही माझ्या कपाटात होतं. पुस्तकानं माझं बूड पातळ झालं नाही, कारण माझं बूड जाड आहे हेच मला माहीत नव्हतं.

एक अर्ध मेस्त्रींनी ठेवून घेतलं. ‘‘ह्यां हय रवांदे. पोरांक दाखवूक बरां.’’ दुसरं घेऊन मी पुण्याला आलो.

मराठीत दोष दाखवायला किती शब्द आहेत. नावं ठेवणं, उणं काढणं, खुसपट काढणं, कान उपटणं, झाडणं. या सगळ्यांत माणूस समोर उभा आहे आणि त्याला काहीतरी केलं जातंय. एकच शब्द वेगळा आहे: बोट ठेवणं. त्यात बोट वस्तूवर असतं. मेस्त्रींनी अक्षरशः तेवढंच केलं. आणि उणं काढायचं म्हणावं, तर इथे उणं काही नव्हतंच. जे होतं ते अधिक होतं.

आपल्याकडे कातलेल्या वस्तू घरोघर होत्या आणि त्यांची परीक्षाही रोज होत होती. कातीव हा शब्दच त्या कामातून आला; कातारी म्हणजे लाकूड कातणारा. माझी आजी जत्रेत लाटणं घेताना ते दुकानदाराच्या फळीवर ठेवून हलकेच ढकलायची आणि खाली वाकून बघायची. लाटण्याखालून उजेडाची फट दिसली की ते परत. ‘‘ह्याला पोट आहे,’’ ती सांगायची. कातारी ते घ्यायचा, स्वतः फळीवर फिरवून बघायचा, बाजूला ठेवायचा आणि दुसरं द्यायचा. त्या दोघांत मी कधी रागाचा शब्द ऐकला नाही. फळी सपाट होती आणि उजेड दोघांना दिसत होता. छंद म्हणून वाडगे कातायला लागलेल्या आमच्यासारख्यांच्या वस्तू कुणाच्या कामाला पडत नाहीत, म्हणून आजीसारखं गिऱ्हाईक आम्हाला भेटत नाही. आम्हाला भेटते ती ‘वा, सुंदर!’ म्हणणारी माणसं. त्यांचं प्रेम खरं असतं. पण ‘सुंदर’ ऐकून पुढचा वाडगा कुठे बदलायचा ते कळत नाही, आणि बारा वाडग्यांनंतर तोच फुगवटा तिथेच असतो.

अर्ध्या येण्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या शनिवारच्या बैठकीत आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी यायला लागली होती. दोन-तीन आठवड्यांनी तिनं आपला पहिला वाडगा आणला, शिरीषाचा. रुमालात गुंडाळून आणला होता. ‘‘काका, कसा झालाय?’’ तिनं विचारलं. मी तो हातात घेतला आणि सगळ्यांच्या देखत सात दोष मोजून दाखवले. बैठक फार रुंद. बाहेरच्या वळणात मधे सपाटी. दोन ठिकाणी तंतू उचकटलेले. काठ वरखाली. आत घासकामाचे ओरखडे. वाडगा लेथवर धरणाऱ्या चकचा ठसा बुडावर तसाच. तेल दाट. सातही बरोबर होते. मला त्या दिवशी स्वतःबद्दल बरं वाटलं होतं, आणि हे लिहिताना हात जड होतो. तिनं वाडगा पुन्हा रुमालात गुंडाळला, चहा घेतला, आणि त्यानंतर ती आली नाही.

तिच्या वाडग्याचा काठ आतल्या बाजूला किंचित झुकलेला होता. पहिल्याच वाडग्यात असं वळण कुणाला सुचत नाही. ते मी पाहिलं होतं आणि बोललो नव्हतो. आणि तंतू उचकटलेले ‘दोन ठिकाणी’ हेही मी गुन्ह्यासारखं सांगितलं, कारण सांगितलं नाही. आडव्या रेषांचा वाडगा फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा लाकडाची टोकं धारेसमोर येतात, समोरासमोरच्या दोन जागी, आणि प्रत्येक नवशिक्याचे तंतू नेमके तिथेच उचकटतात. बाहेरून कापायचं तर बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून बुडाकडे, आणि शेवटचा हात ताज्या धारेनं हलका द्यायचा. ही दोन वाक्यं तिला दिली असती तर पुढच्या शनिवारी तिनं दुसरा वाडगा आणला असता.

अर्ध्या फळीवर आल्यापासून मी बोलायच्या आधी तो बोलतो. कुणी नवीन वाडगा घेऊन आलं की प्रथम आम्ही अर्ध्याला त्यांच्या हातात देतो. काही सांगत नाही. डोळे मिटायला लावतो आणि चिमटीनं भिंत काठापासून खाली न्यायला सांगतो. वळणावर प्रत्येकाची चिमूट थांबते; लहान मुलांचीसुद्धा. ‘‘हे कुणी केलं?’’ विचारतात. मी सांगतो, मी केलं. मग विचारतो, तुमच्या वाडग्यात काय ठेवणार? त्यानंतरच त्यांचा वाडगा हातात घेतो. बहुतेक वेळा मला काही सांगावं लागत नाही. माणूस स्वतःच आपल्या वाडग्याच्या वळणावर बोट नेतो आणि म्हणतो, माझंही इथे राहिलंय.

अर्ध्याचा स्वभाव तसा फार स्पष्ट आहे, पण तो एका वेळी एकच गोष्ट सांगतो. बाहेरून त्याच्यातही एक सपाटी आहे, काठापासून ४ सेंटिमीटरवर. ती दिसायला हवी असेल तर त्याला कापलेल्या अंगावर कागदावर आडवा टाकायचा आणि पेन्सिलीनं कड गिरवायची. कागदावर रेघ उमटली की वळण कुठे मोडलंय ते दिसतं. पण हे त्याला कुणी आडवा टाकेपर्यंत तो दाखवत नाही. फुगवटा कळला, तो जमला, मग सपाटी. मीही आता तसंच करतो. वाडग्यात सात दोष असले तरी पुढच्या वाडग्यात बदलता येईल असा एक शोधतो, आणि तो कोणत्या हत्यारानं, कोणत्या दिशेनं बदलायचा ते लेथवर उभं राहून दाखवतो. उरलेले सहा पुढच्या शनिवारांसाठी असतात.

आमच्यातले एक डॉक्टर आहेत, ते पातळपणाचे भोक्ते. वाडगा दिव्यासमोर धरला की उजेड आरपार यायला हवा असं त्यांचं मत. जेम्स प्रेस्टिनी यांचं नाव ते आदरानं घेतात, आणि घ्यावंच असं ते नाव आहे. १९३०–४० च्या दशकांत प्रेस्टिनींनी इतके पातळ आणि साधे लाकडी वाडगे कातले की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं ते आपल्या संग्रहात घेतले. पण डॉक्टर हे माप सगळ्यांना लावायचे. एक बाई सुनेसाठी मीठ-मसाल्याची जाड भिंतीची वाटी घेऊन आल्या, तेव्हाही ते ‘अजून काढा, अजून काढा’ म्हणाले. बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, ‘‘ओट्यावरून पडेल ती, डॉक्टर. तिला पडता आलं पाहिजे.’’ डॉक्टरांनी वाटी परत हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि म्हणाले, मग बरोबर आहे. मला ते फार आवडलं. आवड आणि दोष यांतला फरक असा चारचौघांत मान्य करायला मन मोठं लागतं, आणि टीका ऐकून ती न स्वीकारायलाही तितकंच. सल्ला ऐकणारा प्रत्येक सल्ल्यासरशी वाडगा बदलत बसला तर शेवटी त्याच्या हातात सालपटंच उरतील.

अमेरिकेत लाकूड कातणाऱ्यांची मोठी संघटना १९८६ मध्ये स्थापन झाली. त्यांच्या वार्षिक मेळाव्यात लांबच लांब टेबलं मांडतात. येणारा कुणीही आपलं काम तिथे ठेवू शकतो, निवड समिती नसते. कालचा नवशिका आणि चाळीस वर्षं कातणारा यांचे वाडगे शेजारी शेजारी. ही पद्धत मला मनापासून पटते, कारण टेबलावर ठेवण्याची कृती हाच एक होकार आहे: पाहा, हात लावा, बोला. ज्यानं वाडगा पुढे केला नाही त्याच्या वाडग्यावर बोट ठेवायला जाऊ नये. लोकांच्या घरी जेवायला गेल्यावर त्यांच्या टेबलावरचा वाडगा उलटा करायची मला आता अनावर इच्छा होते, आणि मी हात मांडीवर ठेवतो.

याला अपवाद एकच, आणि त्यात परवानगी विचारत बसायचं नसतं. २४ सेंटिमीटरचा वाडगा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असतो तेव्हा त्याचा काठ ताशी ४५ किलोमीटरच्या वेगानं धावत असतो. त्यात तडा असेल तर तुकडा तेवढ्याच वेगानं सुटतो. कुणी त्याच्या रेषेत उभं असेल, तोंडावर शिल्ड नसेल, शर्टाची बाही लोंबत असेल, ओढणी गळ्यात असेल, बोटात अंगठी असेल, धुळीत मास्कशिवाय घासत असेल, तर मी आधी बटण बंद करतो आणि मग बोलतो. तिथे मी अर्ध्याला मधे घेत नाही. तिथे गोड शब्द शोधायला वेळ नसतो आणि त्याबद्दल कुणी रुसलं तरी चालतं.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, अर्ध्याला घेऊन मी पुन्हा सावंतवाडीला गेलो. मेस्त्रींच्या ओसरीवर त्यांचं अर्ध खिडकीत ठेवलेलं होतं. त्यांची नात त्यात लाखेच्या कांड्यांचे तुकडे तिरके लावून ठेवायची. दोन्ही अर्धी आम्ही जोडून पाहिली. जमली नाहीत. पुण्याच्या कोरड्या हवेत अर्ध्या आखडला होता, कोकणच्या दमट हवेत त्याचा भाऊ फुगला होता. एका काठाला आगपेटीच्या काडीएवढा फरक पडला होता. शिवाय करवतीनं खाल्लेले दोन मिलिमीटर भुसा होऊन त्याच दिवशी अंगणात उडून गेले होते. रंगही वेगळे झाले होते. खिडकीतल्यानं उजेड जास्त खाल्ला होता, तो काळपट तपकिरी. अर्ध्याच्या कापात अजून थोडी हळद शिल्लक होती. मेस्त्रींनी दोन्ही उलटी केली, दोन्हींच्या वळणावर अंगठा फिरवला, आणि मी नेलेला नवा वाडगा मागितला.

तो त्यांनी बराच वेळ चिमटीत फिरवला. चिमूट थांबली नाही. मग काठाशी थबकली. ‘‘हयसर धार जरा मार,’’ ते म्हणाले, ‘‘ओठांक लागतली.’’ कारण या वेळी मी सांगितलं होतं की हा पेज प्यायला आहे.

त्या फणसाचा शेवटचा तुकडा गेल्या पावसाळ्यात संपला. त्याचा वाडगा केला. बरा झाला असं वाटत होतं, घरातही सगळ्यांना आवडला होता. एका शनिवारी सगळ्यांसमोर मी तो स्वतःहून बँडसॉवर नेला आणि कापला. बाईंनी ‘अरे, अरे’ केलं. काठाशी ५ मिलिमीटर, निम्म्यावर ६, वळणावर ७, मध्यावर ७. डॉक्टरांनी दोनदा कॅलिपर लावून पाहिला. मग त्याचं एक अर्ध मी फळीवर अर्ध्याच्या शेजारी उभं करायला गेलो, तर ते मागे कलंडलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा कलंडलं. त्याची बैठक व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, भार सगळा बाहेरच्या भिंतीत. अर्ध झाल्यावर ते आपल्या पायावर राहणार कसं? अर्ध्या मात्र इतकी वर्षं कशाचाही टेकू न घेता ताठ उभा होता, त्याच्या रुंद बैठकीवर आणि त्या न काढलेल्या लाकडाच्या वजनावर. हे तोपर्यंत आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी नवं अर्ध उचललं आणि अर्ध्याच्या खांद्याला टेकवून ठेवलं. तेव्हापासून ती दोघं तशीच आहेत.